पेटीशेजारचं पातेलं

आमच्या बेसमेंटमध्ये, जिन्याखालच्या कोपऱ्यात, हिवाळाभर एका पितळी पातेल्यात पाणी भरून ठेवलेलं असे. नवी माणसं घरी आली की विचारायची, ‘काय हो, पाइप गळतोय का?’ बाबा हसून म्हणायचे, ‘छे! आमच्या हिच्या पेटीला तहान लागते.’ विनोद दरवर्षी तोच आणि हसणारेही तेच. आई मात्र हसायची नाही, कारण तिच्या दृष्टीनं त्यात विनोद काहीच नव्हता. मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीच्या थंडीत घर गरम ठेवणारी फर्नेस अखंड चालायची आणि त्या कोरड्या गरम हवेनं ओठांपासून दारांच्या चौकटींपर्यंत सगळं तडकायचं. नागपूरच्या उन्हाळ्यातही हवा अशीच, त्यामुळे पेटीशेजारी उघड्या भांड्यात पाणी ठेवायचं, म्हणजे लाकूड आणि भाता शाबूत राहतात, हे तिला तिच्या गुरुजींनी लहानपणीच शिकवलं होतं. अमेरिकेत आल्यावर तिच्या नागपूरच्या शहाणपणातलं एवढंच एक कामी आलं, असं ती म्हणायची. बाकी सगळं बाबांच्या पुणेरी शहाणपणानं चालायचं.

ती पेटी आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, कारागिराला घरी बोलावून करवून घेतली होती. उजव्या अंगाला उदबत्ती टेकून पडलेला एक काळा डाग होता, आणि मधल्या सप्तकातली एक पट्टी बदललेली होती, ती बाकीच्यांपेक्षा पिवळट दिसायची. इकडे यायला निघालो तेव्हा बाबा म्हणाले होते, ‘अगं, त्यापेक्षा कुकर घे, पोळपाट घे. तिथे पेटी कोण ऐकणार?’ आईनं स्वतःच्या साड्यांची एक अख्खी बॅग मागे ठेवली आणि पेटी आणली. कुकर आम्ही इथे आल्यावर घेतला. साड्या मागेच राहिल्या, आणि कुठल्याशा मावशीनं नेसून फाडल्या.

आमच्या शनिवार-रविवारांबद्दल मी काय सांगू! माझ्या मुलांना वाटतं, माझं लहानपण म्हणजे मज्जाच मज्जा, दर वीकएंडला पार्टी. पार्टी कसली डोंबलाची! दर शनिवारी कुणाच्या तरी घरी पॉटलक, म्हणजे प्रत्येकीनं काहीतरी करून आणायचं. बायका बर्फातून ॲल्युमिनियमचे ट्रे सांभाळत यायच्या, बूट काढायच्या आणि तडक किचनमध्ये शिरायच्या. पुरुष बेसमेंटमध्ये जाऊन रमी खेळायचे, नाहीतर टीव्हीवरचा फुटबॉल बघायचे. त्यातलं कुणाला ओ की ठो कळत नसे, पण सोमवारी ऑफिसात बोलायला काहीतरी हवं ना! आम्हा पोरांना व्हीसीआरसमोर बसवलेलं असायचं. जेवायला पॅनकेकच्या पिठाचे गुलाबजाम, रिकोटा चीजचे पेढे, पोळीच्या जागी टॉर्टिया आणि एखाद्या हौशी काकूंनी केलेले बटाटेवडे. आधी पोरं, मग पुरुष, आणि शेवटी गार झालेल्या भातावर बायका. हे सगळं भारतातही असंच होतं म्हणा. पण तिथे निदान भांडी घासायला बाई होती, आणि अमेरिकेला जाऊन आपण पुढारलो असा तोरा नव्हता.

रविवारची सकाळ तेवढी आईची. बाबा अंथरुणातच पेपर उघडायचे, आणि आई चहाचा कप घेऊन खाली जायची. माझ्या खोलीत जमिनीलगत हीटिंगचा जाळीचा झरोका होता. त्यातून गरम वाऱ्याबरोबर पेटीचा आवाज वर यायचा, आधी नुसता षड्ज, बराच वेळ, मग तिचा गळा. मी गोधडी ओढून त्या झरोक्याशी जाऊन पडायची. शाळेत मला नंदूऐवजी ‘नँडी’ म्हणायचे, तिथल्या मुलींसारखे केस मला हवे होते, आईच्या डब्याचा वास मला नको होता, पण रविवारी त्या जाळीला कान लावून पडलं की मी बरी असायची. आई वर यायची तेव्हा तिचा चेहरा वेगळा असायचा. ‘काय बघून राहिली गं?’ ती विचारायची. बाबा आतून म्हणायचे, ‘बघते आहेस म्हण, बघते आहेस. पोरीचं मराठी बिघडवू नकोस.’ मग तो चेहरा पुन्हा नेहमीसारखा व्हायचा. पोरीचं मराठी! पोरगी तिकडे ‘व्हॉटेव्हर’ म्हणायला शिकली होती, आणि ह्यांना नागपूरची धास्ती.

मी शाळेत असतानाच एका वर्षी बाबा मराठी मंडळाचे अध्यक्ष झाले. मंडळ म्हणजे तरी काय, आसपासच्या गावांतली मूठभर घरं, त्यात डॉक्टर आणि इंजिनियर, आणि त्यांच्यात नागपूर, पुणे, मुंबई अशी तीन संस्थानं. पण अध्यक्षपदाचं वारं अंगात शिरलं की माणूस घरातसुद्धा भाषण केल्यासारखा बोलतो. आधीचे अध्यक्ष देशमुखकाका. त्यांनी आदल्या वर्षी आलेल्या एका नटाला निरोपाच्या वेळी स्वतःच्या मनगटातलं घड्याळ काढून दिलं होतं. त्या घड्याळाची गोष्ट वर्षभर प्रत्येक पॉटलकला निघायची. ‘मन मोठं लागतं हो,’ लोक म्हणायचे. बाबा मान डोलवायचे, पण घरी आल्यावर म्हणायचे, ‘जुनं घड्याळ होतं, मला ठाऊक आहे.’ ते घड्याळ बाबांच्या घशात अडकलं होतं, हे आता मला कळतं.

मग एक गवईबुवा आले. नाव लिहीत नाही, त्यांचे शिष्य अजून गातात, त्यांना कशाला दुखवू. तेव्हाची पद्धत अशी की भारतातून कलाकार आला की तो हॉटेलात उतरत नसे. ह्या गावच्या मंडळाच्या घरी दोन-चार दिवस, तिथून पुढच्या गावच्या. अध्यक्षाच्या घरी उतरणार हे ओघानंच आलं. मला माझ्या खोलीतून उठवून सोफ्यावर पाठवलं आणि माझ्या गुलाबी चादरीवर बुवा झोपले. त्यांना ताक लागायचं, गार नको, कोमट. भात लागायचा, पण मोकळा. सकाळी शिरा, पण त्यात केळं नको. तबलजी बिचारा साधा होता, मिळेल ते खायचा. पण त्यांच्या पेटीवाल्याला व्हिसाच मिळाला नव्हता, आणि मिनियापोलिसच्या आसपास पेटीची साथ करू शकेल असं एकच माणूस होतं. ते तेव्हा आमच्या किचनमध्ये वांगी चिरत होतं.

बाबांनीच सुचवलं, हे मी मान्य करते. उगाच कशाला खोटं सांगू! ‘आमची ही वाजवते,’ ते म्हणाले. बुवांनी आईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘बघू या,’ म्हणाले. खाली नेलं, पातेलं बाजूला सरकवलं, आई हात पुसून बसली. बुवांनी एक तान घेतली, तिनं ती जशीच्या तशी पेटीतून परत केली. त्यांनी आणखी अवघड घेतली. तिनं तीही परत केली, आणि शेवटी एक नाजूकशी जागा स्वतःच्या पदरची जोडली. तबलजी नकळत ‘वा!’ म्हणाला. बुवा सरसावून नीट मांडी घालून बसले.

त्यानंतरचे दिवस आई कशी होती, ते शब्दांत सांगता येत नाही, पण सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ती धावत होती. वर भरली वांगी शिजत, खाली रियाझ, पुन्हा वर येऊन फोडणी, पुन्हा खाली. बोटांना हळद तशीच, त्यामुळे पट्ट्यांवर पिवळे ठसे उमटले होते. ती गुणगुणत पोळ्या लाटत होती. मला म्हणाली, ‘नंदू, कार्यक्रमाला येशील ना? समोर बस. घाबरली तर मी तुझ्याकडे बघीन.’ माझ्या आईला घाबरायला होईल, आणि तिला माझी गरज लागेल, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी त्या दिवशी शाळेतल्या मैत्रिणीच्या बर्थडेचं कॅन्सल केलं.

रविवारी दुपारी एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम झाला. स्टेजवर आमच्याच घरचा गालिचा. आईनं अंजिरी साडी नेसली होती, बॅगेत आणलेल्या मोजक्यांपैकी एक. सुरुवातीला तिनं खरंच माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मग विसरली. मला विसरली, बाबांना विसरली, वांगी, टॉर्टिया, बर्फ, सगळं विसरली. बुवा गात होते ते चांगलंच होतं, पण लोक हळूहळू पेटीकडे बघायला लागले. ज्या बायका दर शनिवारी तिच्याबरोबर सिंकपाशी उभ्या असायच्या, त्या एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. ‘अगबाई, ही आपली कुसुम?’ मध्यंतरात नागपूरच्या एक डॉक्टरीणबाई तिचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, ‘बाई गं, आमच्या पोरींना शिकव ना. दर रविवारी घेऊन येईन मी.’ आणखी दोघी-तिघी पुढे आल्या. आई ‘हो’ म्हणाली. मी तिथेच उभी होते. किती पटकन म्हणाली! जणू कुणीतरी विचारावं म्हणून इतकी वर्षं हे ‘हो’ तिनं तोंडात धरून ठेवलं होतं.

शेवटी सत्कार. शाल आणि श्रीफळ. नारळ चिनी दुकानातून आणलेला, शेंडी तासलेला. बाबा माइकपाशी गेले. चांगलं बोलतात ते, अजूनही. बुवांना शाल पांघरली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. तिथेच थांबायचं ना माणसानं! पण पहिल्या रांगेत देशमुखकाका हात बांधून बसले होते, आणि टाळ्या जरा लवकर विरल्या. बाबा पुन्हा माइककडे वळले. ‘शाल-श्रीफळ तर सगळेच देतात,’ ते म्हणाले. ‘पण बुवा, आज ज्या पेटीनं तुम्हाला साथ केली, ती आमच्या घरची पेटी, तिचं खरं स्थान आता तुमच्यापाशीच. ही आमच्या कुटुंबातर्फे तुम्हाला सप्रेम भेट!’

टाळ्यांनी सभागृह नुसतं दणाणून गेलं. लोक उभे राहिले. देशमुखकाकासुद्धा उठले, त्यांना उठावंच लागलं. आई अजून पेटीपाशी बसलेली होती, एक हात भात्यावर तसाच. तिनं बाबांकडे पाहिलं, मग लोकांकडे. सगळे तिच्याकडे बघून कौतुकानं हसत होते. काय मोठं मन ह्या बाईचं! बुवा म्हणाले, ‘वहिनी, अहो नको नको, एवढं कशाला,’ आणि लगेच पुढे, ‘आणि हो मंडळी, वहिनींच्या हातच्या भरल्या वांग्यांना तोड नाही बरं का!’ लोक हसले. आईनं भात्यावरचा हात काढला, दुसऱ्या हाताला जोडला आणि नमस्कार केला. दुसरं काय करणार होती? भरल्या सभेत नवऱ्याला खोटं पाडायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे मी पुढे आयुष्यात पुष्कळ पाहिले, पण तुळशीपत्र ठेवताना हलवायालाच स्टेजवर बसवून ठेवणारा तो एकच.

परत येताना बाबा ड्राइव्ह करत होते. बाहेर अंधारून आलं होतं, तिथे थंडीत दिवस फार लवकर मावळतो. बुवा आणि तबलजी देशमुखकाकांच्या गाडीतून येत होते, आणि पेटीही त्यांच्याबरोबर, त्यामुळे आमच्या गाडीत आम्ही तिघंच. गाडी हायवेला लागली. मग आई म्हणाली, ‘विचारायचं तरी होतं.’

‘अगं, स्टेजवर कसं विचारणार? तो क्षणच तसा होता. लोक उभे राहिले, बघितलंस ना? तुझंच नाव झालं!’

‘माझ्या बाबांनी दिली होती ती.’

‘नेक्स्ट ट्रिपला दुसरी आणू. याहून चांगली. आणि कुसुम, पेटी कुठे गेली? कलाकाराच्या घरी गेली. मुलगी चांगल्या घरी पडली म्हण. दिल्या घरी सुखी राहो!’

‘मुलीलाही विचारत नाहीत, तसंच ना,’ आई म्हणाली. त्यावर बाबांनी वायपर चालू केले. बर्फ पडत नव्हता.

बुवा दोन दिवसांनी पुढच्या गावी, शिकागोला गेले. जाताना आईनं पेटी जुन्या लुगड्यात गुंडाळून दिली आणि पातेल्याबद्दल सांगितलं. ‘हो हो,’ बुवा म्हणाले, त्यांचं लक्ष दाराबाहेरच्या बर्फाकडे होतं. पुढच्या रविवारी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला, पोरींना आणू का म्हणून. आई म्हणाली, ‘आता नको.’ त्यांनी दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. पितळी पातेलं वर किचनमध्ये आलं, आणि त्यात पोह्याचा चिवडा व्हायला लागला. रविवारी सकाळी आई चहा घेऊन खिडकीशी बसायची. मी सवयीनं झरोक्याशी पडून राहायची, तर तिथून नुसती फर्नेसची घरघर यायची. भारताच्या पुढच्या ट्रिपला लग्न निघालं, त्याच्या पुढच्या ट्रिपला आजी आजारी. पेटी राहिलीच. बाबांनी मॉलमधून एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणला, बटण दाबलं की आपोआप ढिंगच्याक ढिंगच्याक वाजणारा. आईनं त्यावर एकदा बोट ठेवलं आणि बॉक्समध्ये परत ठेवून दिला. ‘हिला कशानंच खूश करता येत नाही,’ असं बाबा पॉटलकला सांगायचे. आणि घड्याळाची गोष्ट मागे पडून आता पेटीची गोष्ट निघायची. ‘मन मोठं लागतं हो!’

मी कॉलेजात गेले त्या वर्षीच्या थंडीत, थँक्सगिव्हिंगच्या सुटीत, आम्ही शिकागोजवळ बाबांच्या एका मित्राकडे गेलो होतो. घर त्यांच्या बायकोनं, शैलाकाकूंनी, हौसेनं मांडलेलं. जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘चला, बेसमेंट नवं करून घेतलंय, दाखवते.’ खाली नवा गालिचा, बार, डार्ट्स. आणि पलीकडे, फर्नेसच्या अगदी तोंडाशी, एका पेटीवर रबराच्या झाडाची कुंडी. मी आधी पाहिली, की आईनं, सांगता येत नाही. उजव्या अंगाला उदबत्तीचा काळा डाग होता.

‘ही ना?’ शैलाकाकू म्हणाल्या. ‘अहो, त्याची गंमतच आहे. कितीतरी वर्षांपूर्वी एक बुवा उतरले होते आमच्याकडे. एअरपोर्टवर सामानाचं वजन जास्त झालं, तर म्हणाले, ही ठेवून घ्या, कुणीतरी गळ्यात मारलीय, मला काय, घरी चार आहेत. आमच्यात कुणाला येत नाही. पण कुंडीला स्टँड बरा झाला.’

कुणीतरी गळ्यात मारलीय. मी बाबांकडे पाहिलं. बाबा डार्ट्सच्या बोर्डाकडे बघत होते, अगदी लक्ष देऊन.

आईनं कुंडी उचलून खाली ठेवली. झाकणावर पाण्याचा गोल डाग पडला होता आणि लाकडाला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. तिनं झाकण उघडलं. पिवळट पट्टी होती तिथेच होती. दोन-तीन पट्ट्यांच्या कडांना, नीट पाहिलं तर, हळद. तिनं भाता ओढला, तर फाटक्या भात्यातून फुस्स करून हवा गेली, आणि बोटाखालून आवाज म्हणून काही आलाच नाही.

‘अगबाई, तुम्हाला येते वाजवता?’ शैलाकाकूंनी विचारलं. मग आईच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना काहीतरी उमगलं असावं. ‘कुसुमताई... तुमची का ही? अहो मग घेऊन जा ना! आत्ता गाडीत ठेवू!’

बाबा घाईघाईनं म्हणाले, ‘छे छे, वहिनी! दिलेली वस्तू परत कशी घ्यायची?’

आईनं झाकण लावलं. पदरानं त्यावरचा पाण्याचा डाग पुसायचा प्रयत्न केला, तो निघाला नाही. मग ती शैलाकाकूंकडे बघून, एखाद्याला पत्ता सांगावा इतक्या शांतपणे म्हणाली, ‘नाही हो, माझी नाही. माझी असती तर देताना मला विचारलं असतं.’

बाबांनी किल्ल्या काढल्या आणि गाडी गरम करून ठेवतो म्हणून वर निघून गेले. आज ते नव्वदीला टेकलेत, माझ्याकडेच असतात, आणि पाहुणे आले की अजूनही त्या सभेची गोष्ट सांगतात, लोक कसे उभे राहिले त्याची. शिकागोचं बेसमेंट त्या गोष्टीत कधी येत नाही. आई गेली तेव्हासुद्धा ते म्हणाले, ‘मन फार मोठं होतं तिचं.’ मी उठून किचनमध्ये गेले.

शिकागोच्या त्या घरून निघण्याआधी आईनं शैलाकाकूंकडे एक पातेलं मागितलं. नळाखाली भरलं, खाली नेलं, पेटीजवळ ठेवलं, आणि कुंडी उचलून पुन्हा होती तशी पेटीवर ठेवून दिली.